चौऱ्यांशी लक्ष योनींचा हिशेब

पाढे म्हणताना मराठी माणूस ८४ला 'चौऱ्याऐंशी' म्हणतो, पण योनींची गोष्ट निघाली की तोंडात येते ते 'चौऱ्यांशी'च. 'चौऱ्यांशीचा फेरा' एवढे म्हटले की पुढे लक्ष, योनी, जन्म, मरण यांतले काहीच वेगळे सांगावे लागत नाही. कीर्तनात, पोथीत आणि दिवसभर लोळत पडलेल्या नातवाला आजी देते त्या बोलण्यातही अर्थ तोच असतो: जीव चौऱ्यांशी लक्ष देहांतून हिंडतो, तेव्हा कुठे माणसाचा जन्म पदरात पडतो. पृथ्वीवरच्या सजीवांच्या विविधतेबद्दल भारतीय परंपरेने केलेले हे सर्वांत प्रसिद्ध विधान आहे. ते इतके सवयीचे झाले आहे की त्यात नेमके काय मोजले आहे, हे विचारायचे राहून जाते.

सर्वांत जास्त कानावर पडणारी वाटणी अशी आहे: पाण्यातले जीव ९ लाख, स्थावर म्हणजे झाडेझुडपे २० लाख, कृमिकीटक ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख आणि माणसे ४ लाख. ही पद्मपुराणाच्या नावावर सांगतात. गरुडपुराणाची वाटणी वेगळी आहे. तिथे अंडज, स्वेदज, उद्भिज्ज आणि जरायुज या चार खाणी धरून प्रत्येकीच्या वाट्याला सारखे २१ लाख दिले आहेत. चार भावांत शेत वाटावे तसे हे चार समान वाटे पाहिले की रानात जाऊन कोणी मोजदाद केलेली नाही, हे उघड होते. खाणींची कल्पना स्वतंत्रपणे फार जुनी आहे. छांदोग्य उपनिषदात बीजांचे तीन प्रकार आहेत, ऐतरेयात चार. मराठीत समर्थांच्या दासबोधापर्यंत ती याच चार खाणींच्या रूपाने येऊन पोचते.

जैन परंपरेचा हिशेब याहून बारीक आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू हेच ज्यांचे शरीर, असे जीव प्रत्येकी ७ लाख. एका देहात एकच जीव असलेल्या वनस्पती १० लाख, एका देहात अनंत जीव दाटीने राहतात अशा 'साधारण' वनस्पती १४ लाख. दोन, तीन आणि चार इंद्रियांचे जीव प्रत्येकी २ लाख. देव, नारकी आणि पाच इंद्रियांचे तिर्यंच प्रत्येकी ४ लाख, आणि माणसे १४ लाख. बेरीज पुन्हा ८४. माणसाच्या वाट्याला एकीकडे ४ लाख आणि दुसरीकडे १४ लाख आले, तरी बेरीज एका लाखानेही हलत नाही. म्हणजे बेरीज आधी ठरली आणि रकमा मागून भरल्या गेल्या.

८४ला हे वजन आले कुठून, याचा एक धागा बौद्ध ग्रंथांत सापडतो. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात आजीवकांचा आचार्य मक्खली गोसाल याचे मत दिले आहे. त्याच्या मते मुख्य योनी १४ लाख ६ हजार ६००. चौऱ्यांशी लाख हा आकडाही त्याच्याकडे आहे, पण तो महाकल्पांचा, म्हणजे काळाचा आहे. सुताचे गुंडे फेकले की सूत संपेपर्यंत ते उलगडतच जाते, तसा मूर्ख असो की शहाणा, प्रत्येक जीव तेवढे कल्प भटकून मगच सुटणार, असे गोसाल म्हणे. हठयोगाच्या ग्रंथांतही आकडा तोच आहे. जितक्या जीवजाती तितकी आसने, म्हणून शिवाने ८४ लाख आसने सांगितली आणि त्यांतली ८४ श्रेष्ठ मानली, असे घेरंडसंहितेत आहे. सिद्धही चौऱ्यांशीच. १२ आणि ७ या दोन भरीव संख्यांचा हा गुणाकार 'सगळे, काही न सोडता' अशा अर्थाने वापरला गेलेला दिसतो.

अलीकडे मात्र या आकड्याला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाल्याचे सांगितले जाते. त्याला निमित्त २०११ सालचे. कॅमिलो मोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात एक अंदाज मांडला: पृथ्वीवर पेशीकेंद्र असलेल्या सजीवांच्या सुमारे ८७ लाख प्रजाती असाव्यात, १३ लाख इकडे किंवा तिकडे. ८७ आणि ८४ शेजारी ठेवून 'आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते' असे म्हणणाऱ्यांची मग रीघ लागली. ती तुलना रकमांपर्यंत नेली की टिकत नाही. पुराणातले पक्षी १० लाख, तर जगात माहीत असलेल्या पक्ष्यांच्या प्रजाती ११ हजारांच्या आसपास. पशू ३० लाख, तर सस्तन प्राणी साडेसहा हजारांच्या घरात. स्थावर २० लाख, तर मोरा यांच्या अंदाजात वनस्पती जेमतेम ३ लाख. मानव ४ लाख, तर आज पृथ्वीवर माणसाची प्रजाती एकच. ज्या ताळेबंदातल्या इतक्या रकमा जुळत नाहीत, त्याची बेरीज जुळली म्हणून कोणी हिशेबनीस तो मंजूर करणार नाही.

शिवाय ८७ लाख हा आकडाही काही दगडावरची रेघ नव्हे. वर्ग, गण, कुळ अशा वरच्या पायऱ्यांवर गटांची संख्या कशी वाढत जाते ते पाहून तळाच्या पायरीचा, म्हणजे प्रजातींचा, बांधलेला तो अडाखा आहे. टेरी अर्विन यांनी पनामातल्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडला, खाली पडलेल्या भुंगेऱ्यांच्या सुमारे १,२०० प्रजाती मोजल्या आणि तेवढ्यावरून १९८२ साली उष्ण कटिबंधातल्या संधिपाद प्राण्यांचाच अंदाज ३ कोटी बांधला. जिवाणू धरले तर आकडे आणखी कोटीच्या कोटी उड्डाणे घेतात. मोरा यांचा अंदाज ४४ लाख आला असता, तर तो या चर्चेत कोणी आणलाही नसता.

परंपरेला प्रजाती मोजायच्या नव्हत्याच. 'योनी' या शब्दाचा अर्थ जैन आचार्यांनी काटेकोरपणे लावला आहे: योनी म्हणजे उत्पत्तीचे स्थान, जीव जिथे नवा देह धरतो ती जागा. या जागा वर्ण, गंध, रस, स्पर्श यांच्या फरकाने वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे माणसाच्या १४ लाख योनी म्हणजे माणसांच्या १४ लाख जाती होत नाहीत. लिनियसने १७५८ साली प्राण्यांना दुहेरी नावे दिली, तेव्हा तो निर्मात्याने घडवलेल्या वस्तूंची यादी करत होता. जैन श्रावक प्रतिक्रमणात आपली यादी म्हणतो ते दुसऱ्याच कामासाठी. सात लाख पृथ्वीकाय, सात लाख अप्काय असे एकेक नाव घेत तो सर्वांची क्षमा मागतो: यांतल्या कोणाला मारले असेल, मारवले असेल, मारणाऱ्याला बरे म्हटले असेल तर ते मिथ्या होवो. सजीवांच्या संख्येचा याहून चांगला उपयोग कोणी केलेला दिसत नाही.

वैदिक-पौराणिक बाजूला मात्र या आकड्याला शिडीचे रूप आले. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणत्या पापाला कोणता जन्म याची लांबलचक कोष्टके आहेत. धान्य चोरणारा उंदीर होतो, हे त्यांतलेच. या विचारात एक मोठी गोष्ट आहे आणि एक तितकीच अडचणीची. उंदरात आणि माणसात एकच जीवतत्त्व नांदते, देह तेवढे वेगळे, ही मोठी गोष्ट. ती मान्य केली की इतर प्राण्यांशी नाते सिद्ध करायला वेगळा पुरावा लागत नाही. अडचण अशी की उंदीर इथे उंदीर म्हणून येतच नाही. तो कोणा धान्यचोराचा तुरुंग असतो. सृष्टीतली सगळी विविधता शिक्षांचे प्रकार म्हणून पाहिली, तर ती का टिकावी याचे उत्तर त्या शिडीत मिळत नाही. उलट कमी तुरुंग असलेले जग चांगले, असा निष्कर्षही कोणी काढू शकेल.

त्याच परंपरेत याला उतारा आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या २४ गुरूंची ओळख करून देतो. त्यांत पृथ्वी, वारा, समुद्र आहेतच. पण कबूतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, साप, कोळी यांचीही वर्णी लागली आहे. एकनाथांनी याच स्कंधावरची आपली टीका १५७३ साली काशीत पुरी केली, आणि तिच्यातून हे गुरू मराठी घराघरांत पोचले. इथे प्राणी खालच्या पायरीवर बसलेले नाहीत. प्रत्येकाला त्याची रीत आहे आणि तीच शिकण्याजोगी आहे. कधी उचलावी म्हणून, तर कधी टाळावी म्हणून.

या यादीत शेवटी येते ती कुंभारीण माशी. भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत ती ओल्या मातीचे बोराएवढे मडके घडवते. हिरवी अळी आणून आत कोंडते, तोंड लिंपते आणि निघून जाते. काही आठवड्यांनी मडक्याला भोक पडते आणि आतून बाहेर येते ती दुसरी कुंभारीण. पूर्वीच्यांनी अर्थ लावला की कोंडलेली अळी भीतीने माशीचेच ध्यान करत राहिली आणि ध्यानाने माशी झाली. कीटभृंग न्याय तो हाच. ज्याचे चिंतन करावे ते आपण होतो, हे सांगायला दृष्टांत सुरेख आहे, आणि त्यातले निरीक्षणही खोटे नाही. अळी आत गेलेली आणि माशी बाहेर आलेली कोणीतरी खरोखर पाहिलेली आहे. मधला भाग मातीआड घडतो. माशी मडक्याच्या छताला आधीच एक अंडे बारीक धाग्याने टांगून ठेवते, मग डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या खाली रचते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या ताज्या शिध्यावर वाढते. अळीची माशी होत नाही, अळी माशीच्या पिल्लाच्या पोटात जाते. स्वेदज खाणीचीही हीच कथा. उवा, ढेकूण घामातून आणि उष्म्यातून आपोआप होतात, असे भारतातच नव्हे तर सगळीकडेच मानत. फ्रान्चेस्को रेदी याने १६६८ साली मांसाच्या भांड्यावर कापड बांधून दाखवले की माश्यांना अंडी घालू दिली नाहीत तर मांसात अळ्या पडत नाहीत. चारांपैकी एक खाण तिथेच बंद झाली.

योनी म्हणजे उत्पत्तीची जागा, हा अर्थ मात्र यातून मोडत नाही. उलट तो किती खोल जातो, हे अवधूताच्या डोक्यावरच्या झाडातच पाहता येते. अवधूत म्हणजे दत्तात्रेय, आणि दत्ताचे झाड औदुंबर. क्वचित दिसणाऱ्या माणसाला मराठीत 'उंबराचे फूल' म्हणतात, कारण उंबराला फूल येत नाही अशी समजूत. ते येते, पण फळाच्या आत. ज्याला उंबर म्हणून तोडतो, ती खरे तर आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुले लगडलेली मिटलेली कुपी. कुपीच्या टोकाला खवल्यांनी बंद केलेले एक सूक्ष्म दार असते. गांधीलमाशीच्या गोतातली, जेमतेम दोन मिलिमीटरची मादी त्यातून आत घुसते; घुसताना तिचे पंख तुटून पडतात. आपल्याबरोबर आणलेले पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांच्या बीजकोशात एकेक अंडे घालते आणि तिथेच मरते. पुढे त्या बीजकोशांतून आधी बिनपंखी नर निघतात. ते अजून कोंडलेल्या माद्यांशी संग करतात, उंबराच्या सालीला भोक पाडतात आणि बहुधा बाहेरचा उजेड न पाहताच संपतात. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात. दिवस-दोन दिवसांच्या आयुष्यात त्यांना दुसरा उंबर गाठायचा असतो, आणि तोही नेमक्या वेळेला फुललेला.

या माशीचे शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. उंबराचे परागण तीच करते, आणि उंबर सोडून ती कुठेही जन्मत नाही. एक बीजकोश, एक योनी. त्याच कुपीत बाहेरून लांब सुईसारख्या अवयवाने अंडी घालणाऱ्या आणखी काही जातींच्या माश्या असतात. त्या परागण करत नाहीत, काहींची पिल्ले तर आतल्याच इतर पिल्लांवर जगतात. माश्यांबरोबर आलेले सूक्ष्म सूत्रकृमीही असतात. उंबर पिकला की खारी, माकडे, तांबट, हरियाल, धनेश आणि रात्री वटवाघळे त्यावर तुटून पडतात, आणि बिया रानभर जातात. नृसिंहवाडीला किंवा औदुंबरला झाडाभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या डोक्यावर हा सगळा संसार टांगलेला असतो. झाड पवित्र म्हणून कुऱ्हाडीतून वाचले. माशीला कोणी पवित्र मानले नाही, ती झाडामुळे वाचली.

आता चौऱ्यांशीच्या हिशेबात कोणी न घातलेला प्रश्न घालता येतो. एखादी योनी कायमची नाहीशी झाली तर काय? जीवांची अडचण जैन शास्त्राने आधीच सोडवून ठेवली आहे. निगोद नावाच्या अतिसूक्ष्म देहांत अनंत जीव साठलेले आहेत. इकडे एक मोक्षाला गेला की तिकडून एक बाहेर येतो, साठा आटत नाही. जीवांचे खाते असे जुळते. देहांच्या साच्यांचे खाते मात्र कोणी लिहिलेलेच नाही, कारण साचा मोडू शकतो असे कोणाला वाटले नव्हते. यात भारतीय परंपरा एकटी नाही. टॉमस जेफरसन यांनी १७८०च्या दशकात लिहिले की निसर्गाने आपली एकही प्रजाती कधी नष्ट होऊ दिलेली नाही. मॅमथ अमेरिकेच्या कुठल्यातरी अनोळखी कोपऱ्यात अजून चरत असतील, अशी त्यांची धारणा होती. ईश्वराने जोडलेल्या साखळीतली कडी तुटणे म्हणजे ईश्वराच्या कामातच खोट. १७९६ साली पॅरिसमध्ये जॉर्ज क्युविए याने मॅमथच्या हाडांची भारतीय आणि आफ्रिकी हत्तींशी तुलना करून दाखवले की ही जात वेगळी होती आणि आता ती उरलेली नाही. नामशेष होणे ही गोष्ट माणसाला खात्रीने कळून सव्वादोनशे वर्षांच्या वरच काय ती झाली आहेत. धर्मविचार त्याहून फार जुना आहे, आणि त्याने हा प्रश्न अजून पुरता पचवलेला नाही.

कधी एखादी कडी परतही येते. रानपिंगळ्याचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली केले; पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कोणाला दिसला नाही आणि त्याचे नाव गेलेल्यांच्या यादीत जाण्याच्या बेतात होते. नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला आढळला. मधली ११३ वर्षे तो कुठे गेला नव्हता. त्याचे रान तेवढे तुकड्या-तुकड्यांनी आखडत होते.

गिधाडांच्या बाबतीत प्रश्न थेट धर्मविधीच्या दारात आला. जनावरांना तेव्हा देत ते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे बहुतेक संपली होती. १९९२ ते २००७ या काळात त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाज देह दख्म्यात, म्हणजे उघड्या मनोऱ्यात, ठेवत आला तो गिधाडांच्या भरवशावर. अग्नी, माती आणि पाणी विटाळू नये, हा त्यामागचा विचार. गिधाडे गेल्यावर तिथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली, आणि दहन-दफनाचा वाद समाजात नव्याने पेटला. हजारो वर्षांच्या विधीतला एक आवश्यक सेवेकरी कोणत्याही धर्मग्रंथाच्या परवानगीवाचून पंधरा वर्षांत निघून गेला.

सह्याद्रीत उत्पत्तीच्या जागा राखल्या गेल्या त्या योनींच्या तत्त्वज्ञानाने नव्हे, तर काळकाई, वाघजाई, भैरोबा यांच्या धाकाने. देवराईतून वाळलेली काटकी आणायची नाही, गळलेले फळ उचलायचे नाही, हा नियम. कोणती जात वाचवायची आणि का, याची यादी कोणी केली नाही. जागा देवाची, एवढ्यावर सगळे आत राहिले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या रायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर बोडके झालेले असताना आत जुने सदाहरित रान, मांडीएवढ्या जाडीचे गारंबीचे वेल आणि बाहेर कुठे न उरलेली झाडे मिळत होती. अशा राईतला मूळ देव बहुधा उघड्यावरचा शेंदूर फासलेला तांदळा असतो. अनेक गावांत मुंबई-पुण्याकडून पैसा आला की जीर्णोद्धार निघतो. स्लॅब पडतो, फरशी बसते, सभामंडपाला जागा लागते. मग गुरव देवाला कौल लावतो, कळी उजवीकडे पडते, आणि तोडायच्या झाडांवर खुणा होतात. त्यांत उंबर असला तर तो बहुतेकदा सोडतात.